सगळे स्पीकर वाजतात, तरी सराउंड नाही
साप्ताहिक स्तंभ : कानोसा

मागच्या रविवारी सकाळी अशोक चौकामागच्या गल्लीतून एका पोराचा फोन आला. "काका, सगळे स्पीकर वाजायलेत की ओ. पण गेममध्ये मागून येणारा माणूस समोरूनच चालत आल्यासारखा वाटतो. काय चुकलं कळंना बघा." त्यानं पैसे साठवून जुना रिसीव्हर घेतला होता आणि जमेल तसे स्पीकर गोळा केले होते. "ही ऑप्टिकल वायर लाव, फाइव्ह पॉइंट वन मिळेल," असं सांगून एका दुकानदारानं वायर त्याच्या हातात ठेवली होती.

मी गेलो आणि आधी रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीकडे पाहिलं. तिथं 'पीसीएम' आणि शेजारी 'प्रो लॉजिक टू' अशी अक्षरं होती. दुखणं तिथंच कळलं. संगणक दोनच चॅनेलचा आवाज पाठवत होता आणि रिसीव्हर त्या दोनांतून अंदाजानं पाच करून खोली भरत होता. आवाज सगळीकडून येत होता, पण जिथून यायला हवा तिथून येत नव्हता.

हा फरक सोलापूरला समजावून सांगावा लागू नये. यंत्रमागाच्या शेडमध्ये सगळे माग एकदम धडधडत असतात, आणि तरी मुरलेला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, दारात उभा राहून ज्या मागाचा धोटा चुकीचा आदळतोय नेमका त्याच मागाकडे चालत जातो. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिरानं पोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. पुढचं-मागचं ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. 'शोले' १९७५ साली ७० मिमीच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक आवाजात आला, तेव्हा नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, ही आठवण त्या पिढीतले कितीतरी जण आजही सांगतात. तो आवाज मोठा होता म्हणून लक्षात राहिला नाही, त्याला जागा होती म्हणून राहिला.

मग त्या ऑप्टिकल वायरीचं बिनसलं कुठं? वायर बिचारी चोख आहे. तोशिबानं १९८३ साली ही जोडणी आणली, ती सीडीच्या काळात. तिच्यातून जाणारी एसपीडीआयएफ ही पद्धत सोनी आणि फिलिप्स यांनी दोन चॅनेलचा आवाज नेण्यासाठी घडवली. हिशेब साधा आहे. एका चॅनेलचे सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. दोन चॅनेलचे झाले सेकंदाला सुमारे १५ लाख बिट. ५.१ चे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असे सहा चॅनेल मोकळे पाठवायचे तर सुमारे ४६ लाख बिट हवेत. तेवढी वाट या पद्धतीत आखलेलीच नाही.

पण आपल्याकडे चादरी परगावी जातात त्या मोकळ्या जात नाहीत. दाबून गाठ बांधतात आणि ती पलीकडच्या गोदामात सुटते. डॉल्बी डिजिटल हे आवाजाचं तसंच गाठ बांधणं आहे. डीव्हीडीवर सहा चॅनेलची ही गाठ सेकंदाला जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांत बसते, म्हणजे मोकळ्या मालाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ती ऑप्टिकलमधून आरामात जाते आणि रिसीव्हर ती सोडतो. म्हणून डीव्हीडीवरचा सिनेमा लावला, संगणकाला 'गाठ न सोडता पुढे पाठव' अशी सेटिंग दिली, की त्याच वायरीतून खरा सराउंड मिळतो. रिसीव्हरच्या पट्टीवर 'पीसीएम'च्या जागी 'डॉल्बी डिजिटल' उमटतं.

गेमचं तसं नाही. तिथला आवाज त्या-त्या क्षणी तयार होतो, आधी बांधलेली गाठ कुठून असणार? संगणकातच गाठ बांधणारा कोणीतरी हवा. ते काम 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' किंवा 'डीटीएस कनेक्ट' करतं. एन्व्हिडियानं २००१ मध्ये मदरबोर्डवरच ही सोय दिली होती, पुढं क्रिएटिव्ह आणि असूसच्या काही साउंड कार्डांत ती आली. लिनक्स वापरणाऱ्यांना अल्साच्या 'ए५२' प्लगइनमधून ती मिळते. पण साध्या मदरबोर्डवर ही सोय बहुतेक वेळा नसते आणि खोक्यावर मात्र '५.१' ठळक छापलेलं असतं.

या पोराच्या मदरबोर्डवरही ती नव्हती. उरल्या दोन वाटा. पहिली एचडीएमआयची. २००२ च्या अखेरीस आलेल्या या जोडणीतून आठ चॅनेल मोकळे जातात, गाठ बांधायची गरजच नाही. मात्र लक्षात ठेवायचं की ही वायर ग्राफिक्स कार्डातून किंवा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून निघते. साउंड कार्डाचा तिथं संबंध उरत नाही, विंडोजमध्ये आवाजाचं साधन म्हणून रिसीव्हर निवडावा लागतो. वायर आधी टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकलनं किंवा साध्या एआरसीनं (एचडीएमआयमधूनच आवाज परत नेणाऱ्या सोयीनं) रिसीव्हरला, असं केलंत तर पुन्हा त्याच अरुंद बोळात शिरलात.

पोराच्या रिसीव्हरला एचडीएमआय नव्हतं. पण मागं धुळीखाली सहा गोल भोकांची एक रांग होती : मल्टी-चॅनेल इनपुट. मी फुंकर मारून ती त्याला दाखवली. नवी पेठेत जाऊन एका टोकाला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेल्या तीन वायरी आणल्या. मदरबोर्डला मागं तीनच भोकं. सेटिंगमध्ये ५.१ निवडलं की हिरवं भोक पुढच्या दोन स्पीकरांचं होतं, निळं मागच्या दोघांचं आणि माइकचं गुलाबी भोक मधल्या स्पीकरचं नि सबवूफरचं. ज्या संगणकाला जास्त भोकं असतात तिथं मागचा आवाज काळ्यातून आणि मधला-सबवूफर नारिंगीतून येतो.

पहिल्या झटक्यात जमलं नाही. सिनेमातली माणसं सबवूफरमधून घुमायला लागली. गुलाबीच्या दोन पिना उलट लागल्या होत्या. त्या अदलाबदल केल्या आणि संवाद पडद्याच्या मधोमध आले. मग एक बारीक गुणगुण. संगणक एका भिंतीवरच्या प्लगला आणि रिसीव्हर दुसऱ्या भिंतीवरच्या, असं असलं की दोन अर्थिंगमधल्या फरकामुळं ती येते. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, गुणगुण थांबली. ऑप्टिकलमध्ये हा त्रास होत नाही, कारण तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. प्रत्येक वाटेचा गुण वेगळा आणि मर्यादाही वेगळी.

राहिली खोली. खाली शहाबादी फरशी, चारही भिंती उघड्या; टाळी वाजवली की खणखणाट. मागचे स्पीकर सरळ पाठीमागं होते, ते आम्ही बैठकीच्या बाजूला, कानांच्या किंचित मागं आणले. घरात चादरींना काय तोटा? एक जाड चादर समोरच्या भिंतीवर टांगली, एक फरशीवर अंथरली. चादरीनं खर्जाचा दणका अडत नाही, पण वरच्या पट्टीतला खणखणाट निवतो, आणि दिशा कळायला तेवढं पुष्कळ होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. रिसीव्हरवर ५.१ लिहिलंय, मदरबोर्डवर ५.१ लिहिलंय, म्हणून मधल्या वाटेवरून ५.१ जातं असं होत नाही. कोणत्या भोकातून किती चॅनेल मोकळे जातात आणि किती गाठ बांधून, हे उत्पादकानं खोक्यावर स्पष्ट छापलं पाहिजे आणि विक्रेत्यानं वायर देण्याआधी विचारलं पाहिजे : सिनेमासाठी हवी की गेमसाठी? हे दोन शब्द कोणी विचारत नाही, म्हणून धडधाकट रिसीव्हर भंगारात जातात आणि पोरांचे साठवलेले पैसे नव्या खोक्यात. घरी परीक्षा सोपी आहे. विंडोजमधल्या स्पीकर सेटअपमध्ये 'टेस्ट' दाबा. आवाज एकेका स्पीकरमधून फिरला पाहिजे. एकाच वेळी सगळे वाजले, तर मधली वाट तपासा.

आम्ही 'टेस्ट' दाबली तेव्हा पोराचे वडील नुकतेच रात्रपाळीवरून आले होते. बावीस वर्षं मागावर उभे राहिलेला माणूस. त्यांना मधे बसवलं, म्हटलं, डोळे मिटा आणि आवाज येईल तिकडं बोट दाखवा. पुढं डावा, मधला, पुढं उजवा, मागं उजवा, मागं डावा. बोट एकदाही चुकलं नाही. डोळे उघडून ते म्हणाले, "हे तर सोपं हाय. एवढ्या दिवस का येत नव्हतं?"

कान तर पहिल्यापासून तयार होते. वाट अडली होती ती संगणकापासून रिसीव्हरपर्यंतच्या चार हातांत.

– कानसेन, सोलापूर