मागल्या दाराने आलेले दुकान

पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातून तेलंगणात उतरले की पहिले मोठे शहर लागते ते आदिलाबाद. कापसाची ही नावाजलेली पेठ, आणि येथे मराठी सहज कानी पडते. किनारपट्टीवरच्या आमच्या वाचकांना हे शहर दूरचे वाटेल; परंतु बहुराष्ट्रीय दुकानदारीने आपल्या कामगार चळवळीला कसा चकवा दिला, हे समजून घ्यायचे तर नजर तिकडेच वळवली पाहिजे.

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुविध वस्तूंच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी भांडवलाला मुभा दिली. देशभर बंद झाला, संसदेत मतदान झाले. सरकारने अटी घातल्या त्या अशा : गुंतवणूक किमान १० कोटी डॉलर्सची, कारखानी मालाची ३० टक्के खरेदी देशातील लहान उद्योगांकडून आणि दुकाने सामान्यतः १० लाखांवर वस्तीच्या शहरांतच. तेव्हा आंध्र प्रदेशात असलेल्या आदिलाबादची वस्ती लाख-सव्वा लाखाची. तेथे वॉलमार्टची पाटी लागण्याचा प्रश्नच नव्हता.

पाटी लागली नाही, पण दुकान आले. मे २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर्स मोजून फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. स्वतः माल न विकता इतर विक्रेत्यांना जागा देणाऱ्या इंटरनेटवरील बाजारपेठेला शंभर टक्के परदेशी भांडवल आधीच खुले होते. तिला वस्तीची अट नव्हती. आपण पुढल्या दाराशी पहारा देत बसलो आणि पाहुणा मागल्या दाराने माजघरात पोचला!

व्यापारी संघटनांनी त्याही वेळी बंद पुकारला. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. २०१२ च्या अटींत भांडवलाचा हिशेब होता, खरेदीचा होता, वस्तीचा होता; त्या दुकानात राबणाऱ्या माणसाचा कोठे होता? ‘येऊ देणार नाही’ या घोषणेत आमच्या संघटना इतक्या गुंतल्या की ‘आलाच तर कोणत्या अटींवर’ हे विचारायचे राहून गेले.

दक्षिण आफ्रिकेतील कामगारांनी ते विचारले. २०११ मध्ये वॉलमार्टने तेथील मासमार्ट कंपनीचा ५१ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा दुकान-कामगारांची संघटना स्पर्धा न्यायाधिकरणापुढे उभी राहिली आणि पुढे अपिलातही गेली. प्रवेश रोखता आला नाही. पण दोन वर्षे कपात न करण्याची अट पडली आणि आधी कमी केलेल्या ५०३ कामगारांना परत घेण्याचा आदेश मार्च २०१२ मध्ये मिळाला. उलट कॅनडात, क्यूबेक प्रांतातील जोंकिएर येथे २००४ मध्ये कामगारांनी संघटना बांधली आणि २००५ मध्ये कंपनीने ते दुकानच बंद केले. ती कृती कायद्याविरुद्ध होती, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ मध्ये आला. तोवर नऊ वर्षे उलटली होती. प्रवेशापूर्वी मिळवलेली अट आणि प्रवेशानंतर मागितलेला न्याय यांतील अंतर एवढे आहे.

घरोघर पुडकी पोचविणारा पोरगा कोठे ठेकेदाराच्या यादीत असतो, कोठे नुसताच ‘भागीदार’ म्हणवला जातो. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने अशा ‘गिग’ कामगाराची दखल घेतली हे खरे. पण तिची व्याख्याच त्याला पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर ठेवते. मालकच नाही, तर गाऱ्हाणे न्यायचे कोणाकडे?

ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींची आठवण काढून आता भागणार नाही. ज्याच्या दुचाकीवर हे दुकान आदिलाबादच्या गल्लीत फिरते आणि आमच्याही वाड्यावाड्यांतून फिरते, त्याला सभासद करून घेणे हे कामगार संघटनांचे पहिले काम आहे. त्याला मालक कोण, हे कायद्यात स्पष्ट लिहून घेणे हे दुसरे. भांडवलाने सीमा केव्हाच ओलांडली. संघटनेने निदान आपल्या दाराचा उंबरठा तरी ओलांडावा.