स्वामीजींचे पुढचे वाक्य

१८६३ सालच्या १२ जानेवारीस कलकत्त्यास स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला, त्या दिवशी मकरसंक्रांत होती. संक्रांतीस आपण तिळगूळ देऊन गोड बोलण्याचे मागणे मागतो. दुसऱ्याचे बोलणे त्याने बोलले तसेच पुढे सांगावे, हे मात्र कोणी मागत नाही.

१८९७ साली मद्रासच्या व्याख्यानात स्वामीजींनी तरुणांस आधी बलसंपन्न होण्यास सांगितले आणि त्या ओघात गीतापठणाच्याही आधी फुटबॉलला स्थान दिले. लगेच पुढे त्यांनी कारणही सांगितले: दंडांत बळ आले म्हणजे गीता अधिक चांगली उमजेल. पण वृत्तपत्रांतून दर वर्षी पहिला भाग तेवढा छापला जातो. त्यावरून एक पक्ष स्वामीजींना गीतेचे विरोधक ठरवितो आणि दुसरा त्यांच्यावर रुष्ट होतो. पुढचे वाक्य दोघांनीही वाचलेले नसते.

हा अनुभव स्वामीजींना हयातीतच आला. १८९३ च्या शिकागो परिषदेनंतर अमेरिकन पत्रांनी त्यांच्या नावाचे ‘विवे कानंद’ असे दोन तुकडे केले आणि कायस्थ कुळात जन्मलेल्या या संन्याशास ब्राह्मण म्हटले. हे अज्ञान होते. ते क्षम्य मानू. परंतु मिशनऱ्यांच्या कार्यपद्धतीवर त्यांनी टीका करताच ते हिंदूंचे प्रतिनिधीच नव्हेत, असा प्रचार सुरू झाला. तो केवळ परकीयांनीच केला असे नाही. आपल्यापैकीही काहींनी त्यास हातभार लावला. अखेर ५ सप्टेंबर १८९४ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये सभा भरवून त्यांच्या कार्यास जाहीर पाठिंबा द्यावा लागला. त्याच महिन्यात स्वामीजींनी अळसिंगा पेरुमाळ यांना लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे ती मात्र कलकत्त्यात छापलेल्या त्यांच्याच भाषणांविषयी: त्यांना राजकीय रंग चढला होता!

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्याच अमेरिकन पत्रांची जुनी पाने धुंडाळून मेरी लुईस बर्क यांनी १९५८ साली स्वामीजींच्या तेथील कार्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वार्ताहरांनी काहीच लिहिले नसते, तर आपल्या हाती काय उरले असते?

आणि आपण तरी कोठे निर्दोष आहोत? स्वामीजींच्या छायाचित्राखाली त्यांनी कधीही न उच्चारलेली सुविचारवजा वाक्ये आपण भक्तिभावाने भ्रमणध्वनीवरून धाडतो. कठोपनिषदातील जागृतीचा मंत्र त्यांचीच रचना म्हणून मुलांकडून पाठ करून घेतो. विरोधकाने मोडतोड केली की आपला संताप होतो, स्वतः घातलेली भर मात्र आपल्याला सेवा वाटते.

आमचे म्हणणे एवढेच की, धर्मपुरुषाचे वाक्य छापताना स्थळ, वर्ष आणि आगचेमागचे वाक्य द्यावे. चूक झाल्यास दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे यावी. हे अशक्य नाही. १८९५ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये जे. जे. गुडविन या इंग्रज लघुलेखकास कामावर नेमले गेले. थोड्याच दिवसांत ते स्वामीजींचे शिष्य झाले आणि त्यांच्याबरोबर हिंदुस्थानात आले. १८९८ साली उटकमंड येथे ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. स्वामीजींची कितीतरी व्याख्याने आज सलग वाचता येतात, ती त्यांनी टिपून ठेवली म्हणून.