खर्ज आणि अक्षर

मराठी समीक्षेने कवितेच्या नादाचा विचार पुष्कळ केला आहे. वृत्त, छंद, यती, अनुप्रास यांवर आपल्याकडे ग्रंथ आहेत आणि पदव्युत्तर वर्गांत त्यांवर प्रश्नही विचारले जातात. हा विचार मात्र बहुतांशी छापील पानाच्या आधाराने झाला. नांदेड-लातूरच्या परिसरात कविता, पोवाडा, भीमगीत किंवा कीर्तन आजही हजारो लोकांना भेटते ते मंचाच्या बाजूंना रचलेल्या स्पीकरच्या खोक्यांतून, म्हणजे साउंडवाल्यांच्या बोलीत ‘बॉक्स’मधून. त्या बॉक्समधून शब्द कसा बाहेर पडतो, याची चौकशी समीक्षकाने सहसा केलेली नाही. हा लेख त्यांपैकी एका दुर्लक्षित बॉक्सविषयी आहे: बेस गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायच्या बॉक्सविषयी. हा विषय साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हे असे कोणास वाटेल. आमचे मत नेमके उलट आहे.

या प्रदेशाची वाङ्मयीन परंपरा कानाची आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (1932–1982) यांची ख्याती ग्रंथांइतकीच व्याख्यानांवर उभी राहिली. सचखंड श्री हुजूर साहिब येथे शबद गायिला जातो. तेथे सूर असतो तो शब्दासाठी. माळेगावच्या यात्रेत लावणी असते, 14 एप्रिलच्या आगेमागे गावोगाव भीमगीतांचे जलसे होतात, आणि एप्रिल 2022 मध्ये 95वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन लातूर जिल्ह्यातील उदगीरला भरले. ढोलकी, हलगी व हार्मोनियम यांच्या जोडीला भीमगीतांच्या आणि ऑर्केस्ट्राच्या मंचावर बेस गिटार आता रुळली आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या निमित्ताने महाविद्यालयीन मुलेही तिच्याशी परिचित होतात. तेव्हा या वाद्याचा आवाज शब्दाशी कसा नांदतो, हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

आधी थोडे ध्वनिशास्त्र पाहू. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सुमारे 41 हर्ट्झचा स्वर देते. पाच तारांच्या वाद्यात हा आकडा 31 पर्यंत उतरतो. मराठी शब्दाचा अर्थ मात्र बव्हंशी व्यंजनांवर तोललेला असतो, आणि व्यंजनांची ओळख पटवणारी ऊर्जा 2000 हर्ट्झच्या आसपास व त्याच्या वर असते. ‘जात’ आणि ‘जाच’ या दोन शब्दांतील सारे अंतर शेवटच्या व्यंजनात आहे. खालचा मोठा नाद वरच्या लहान नादाला झाकतो, हा आपल्या कानाचा स्वभाव आहे. उलट दिशेने हे झाकणे पुष्कळ कमी घडते. म्हणजे खर्ज सैल सुटला की पहिला बळी अक्षराचा जातो. श्रोत्याला गाणे ‘जोरात’ ऐकू येते, पण कवी काय म्हणाला ते कळत नाही. वामनदादा कर्डकांसारख्या कवीच्या रचनेत एकेक शब्द विचारपूर्वक बसवलेला असतो. अशा रचनेची ही हानी किरकोळ मानता येणार नाही.

दुर्दैवाने निवड करताना आपल्याकडे पहिला प्रश्न वॅटचा विचारला जातो. वॅट म्हणजे आवाज नव्हे. शक्ती दुप्पट केली तर पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते; कानाला आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. याउलट एका वॅटवर एक मीटर अंतरावर 94 डेसिबल देणाऱ्या बॉक्सऐवजी 97 डेसिबल देणारा बॉक्स घेतला, तर तेवढाच लाभ अ‍ॅम्प्लिफायर न बदलता होतो. बॉक्सची ही संवेदनशीलता त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते. खरेदी समितीने वॅटच्या आकड्याआधी ती ओळ वाचावी.

दुसरा प्रश्न ओहमचा. आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की एकूण रोध चार ओहम होतो, आणि आजच्या बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांना तो मानवतो. परंतु आठ ओहमच्या बॉक्सला चार ओहमचा बॉक्स जोडला तर बेरीज 2.67 ओहमवर येते. चारची मर्यादा असलेले यंत्र अशा वेळी तापते, बंद पडते, प्रसंगी जळते. शिवाय चार ओहमच्या बॉक्सकडे दुसऱ्याच्या दुप्पट शक्ती जाते. ही वाटणी वादकाने ठरवलेली नसते, ती तारेने परस्पर ठरवलेली असते.

तिसरा प्रश्न जोडीचा, आणि तोच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दहा इंची चार स्पीकरांच्या बॉक्सखाली पंधरा इंची एका स्पीकरचा बॉक्स ठेवण्याची रीत जुनी आहे. लहान स्पीकर वरचे स्वर सांभाळतील आणि मोठा खालचे, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात मध्ये विभाजक यंत्रणा नसेल तर दोन्ही बॉक्स तेच स्वर वाजवतात. दोन्ही आठ ओहमचे असतील तर शक्ती समान वाटली जाते; पंधरा इंची एकट्या स्पीकरवर जेवढा भार पडतो तेवढाच वरच्या चौघांत मिळून पडतो. साहजिकच एकटा आधी थकतो आणि फाटका आवाज देऊ लागतो. दोन बॉक्सची घडण वेगळी असल्याने काही स्वरांवर ते एकमेकांना बळ देतात, तर काहींवर एकमेकांना खोडतात. एकाच जातीचे, एकाच मापाचे, एकाच घडणीचे दोन बॉक्स एकावर एक उभे रचावेत, हा साधा नियम त्याहून कितीतरी विश्वासार्ह आहे. शेजारी आडवे ठेवल्यास मध्यम स्वर समोर एकवटतात आणि बाजूच्या श्रोत्यांना ते तुटकतुटक ऐकू येतात.

स्पीकर जितका मोठा तितका खर्ज खोल, हाही असाच एक भ्रम. 1969 साली अ‍ॅम्पेग कंपनीने 300 वॅटचा ‘एसव्हीटी’ अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याच्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो बॉक्स दहा इंची आठ स्पीकरांचा, पूर्ण बंद घडणीचा होता. अशा बॉक्समधून सर्वांत खालचा मूळ स्वर क्षीणच निघतो, पण त्याचे वरचे उपस्वर स्पष्ट निघतात. आणि उपस्वर नीट मिळाले तर कान त्यांवरून मूळ स्वर स्वतःच उभा करतो. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आनंदवर्धनाची आठवण व्हावी. जे उच्चारलेले नाही ते सुचवले जाते, आणि सुचवलेले अधिक ठसते. ही केवळ उपमा आहे, सिद्धान्त नव्हे. पण खर्ज जाणवण्यासाठी तो अंगावर आदळलाच पाहिजे असे नाही, एवढे तिच्यातून निश्चित कळते.

जागेचा विचारही यातच येतो. 41 हर्ट्झच्या लहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते. बंदिस्त सभागृहात किंवा मंगल कार्यालयात ती भिंतींवरून परतते, कोपऱ्यात साचते, पत्र्याच्या छताला कंप देते. तेथे बॉक्स कोपऱ्यापासून दूर हवा आणि अगदी तळाचे स्वर थोडे छाटलेले हवेत. उघड्या मैदानावर भिंतींचा आधार नसतो. तेथे दुसरा बॉक्स खरोखर लागतो, आणि तो उंचावर न ठेवता जमिनीवर ठेवणे हिताचे.

आता एक आक्षेप. खर्जावर टीका करणारे पुष्कळदा खर्जावर नव्हे, त्यामागच्या समूहावर नाराज असतात, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. ज्यांना शतकानुशतके चौकात बोलू दिले गेले नाही, त्यांच्या जलशातला छातीत घुमणारा नाद हा अस्तित्वाचा उद्गार असतो. तो नाद कमी करा, असा उपदेश आम्ही करणार नाही. पण त्याच समूहाने आपला इतिहास शब्दांतून जपला आहे. शब्द बुडवणारा खर्ज त्या समूहाच्या बाजूचा कसा म्हणावा? मूक झालेले गाणे मोठ्या आवाजातही मूकच असते.

कायद्यावर हे काम सोपवता येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण हे मोजमाप ‘ए’ भारांकनाने होते, आणि त्या भारांकनात 50 हर्ट्झच्या नादातून सुमारे 30 डेसिबल वजा धरले जातात. भिंती हादरवणारा खर्ज त्या मापकाला जवळजवळ ऐकूच येत नाही. नियम पाळूनही शब्द मरू शकतो. त्याला वाचवण्याची जबाबदारी आयोजकाची, वादकाची आणि आमच्यासारख्या शब्दाच्या शिक्षकांचीही आहे.

संहितेचा संपादक कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवतो. बॉक्स निवडणारा माणूस हजारो श्रोत्यांच्या वतीने तेच काम करत असतो, फक्त त्याला संपादक म्हणण्याची आपली तयारी नसते. म्हणून नांदेड-लातूरच्या मराठी विभागांना आमची एक सूचना आहे. युवक महोत्सवापूर्वी किंवा जयंतीच्या जलशापूर्वी साउंडवाला, वादक आणि गायक यांच्यासमवेत एक तास बसावे. बेस गिटार चालू असताना एकाने शेवटच्या रांगेतून गीताचे शब्द लिहून घ्यावेत. जो शब्द कागदावर उतरला नाही, तो श्रोत्यापर्यंतही पोहोचणार नाही. मग बॉक्स हलवावा, जोडी बदलावी, तळाचे स्वर आवरावेत, आणि पुन्हा लिहून पाहावे. मौखिक परंपरेचा इतका साधा आणि इतका उपयुक्त पाठ वर्गात क्वचितच देता येतो.