आधी अक्षरं मोकळी करा

विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. नोंदणी केली तर आणखी वर्षभर सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, पुढे तेही नाही. विंडोज ११ला इंटेलची आठव्या पिढीची किंवा त्यानंतरची चिप आणि टीपीएम २.० लागतं, आणि धुळ्यात आग्रा रोडपासून देवपूरपर्यंत, तिकडे शिरपूर-दोंडाईच्यापर्यंत, डीटीपीच्या टेबलावर अजून चौथ्या पिढीचे आय-थ्री राबताहेत. साहजिकच आमच्याकडे वाचकांची एकच विचारणा आहे: आता लिनक्स टाकून घ्यायचं का?

टाकायचं तर टाका. पण आपल्या धंद्यात ते दुसऱ्या नंबरचं काम आहे. पहिलं काम अक्षरांचं.

त्याआधी एक नको असलेला विषय उरकून घेऊ. आपल्यातले पुष्कळजण 'कोरल फुकट मिळतं' असं म्हणतात, तेव्हा ते क्रॅकबद्दल बोलत असतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे संगणकावर चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. न्यायालय कैद माफ करू शकतं, पण वापर धंद्यासाठी नसेल तरच. आपला तर धंदाच आहे. शिवाय क्रॅकवाला अपडेट बंद ठेवतो, अँटिव्हायरसही बंद ठेवतो, आणि मे २०१७मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा अशीच दुरुस्ती न केलेली यंत्रं त्याच्या तावडीत सापडली. तेव्हा खुल्या सॉफ्टवेअरची तुलना विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरशी करा. क्रॅकशी केली तर हिशेब चुकणारच.

आता अक्षरांकडे. पेजमेकर १९८५मध्ये आल्डसने आणलं, १९९४मध्ये आल्डस अडोबीकडे गेली, २००१मध्ये सातवी आवृत्ती निघाली आणि तीच शेवटची ठरली. त्याला युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखाच वाचला जाणारा अक्षरसंकेत, कळत नाही. तरी आपल्याकडे ते टिकलं, कारण आपले जुने मराठी टंकही युनिकोडचे नाहीत. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा बसवलेला असतो: एका घरावर काना, दुसऱ्यावर अर्धा स, तिसऱ्यावर रफार. प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. पडद्यावर 'चि. सौ. कां.' दिसतं, पण फाइलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी चिन्हांची रांग असते. टंक काढला, टंकांच्या पॅकेजचं डोंगल हरवलं किंवा कंपनीने ते पॅकेज नव्या विंडोजसाठी काढलंच नाही, की मजकूर गेला. ग्राहक व्हॉट्सअपवर मॅटर मागतो तेव्हा आपण त्याला चित्र पाठवतो, ते याचमुळे.

म्हणजे खरं कुलूप विंडोजचं नाही. विंडोज काढून लिनक्स घातलं तरी ही फाइल कुलपातच राहते. आणि उलट, मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो विंडोजवर टाइप करा, उबुंटूवर करा, नाहीतर ग्राहकाच्या फोनवरून घ्या, काही फरक पडत नाही.

धुळ्यात बसून हे लिहिताना राजवाडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला इथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले मोडी कागद वाचायला मोडी शिकावी लागते, एवढीच अट. आपण १९९९ साली जुळवलेली एखाद्या संस्थेची स्मरणिका उघडायला मात्र ठरावीक विंडोज, ठरावीक पेजमेकर आणि ठरावीक डोंगल लागतं. छापील प्रत कपाटात आहे म्हणून बरं.

खुल्या बाजूला गेल्या पंधरा-वीस वर्षांत काय उभं राहिलं, याची कल्पना आपल्या धंद्यात फार कमी जणांना आहे. काना, मात्रा, जोडाक्षरं युनिकोडमधून बरोबर मांडणारं हार्फबझ नावाचं खुलं इंजिन आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळ्यांत तेच आहे. गंमत अशी की अलीकडच्या इनडिझाइननेही तेच घेतलं आहे. हजारो रुपये वर्गणी भरून जे जोडाक्षर मिळतं, ते जुळवणारं इंजिन खुलंच. टंकांचंही तसंच. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा टंकावरून आयआयटी मुंबईने शोभिका केला, मुंबईच्या एक टाइपने मुक्ता केला. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत: छापा, पीडीएफमध्ये घाला, गिऱ्हाइकाला द्या, हवं तर बदला. फक्त नुसता टंक विकायचा नाही आणि बदललेल्याला राखीव नाव वापरायचं नाही. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले. ज्या टंकात हिंदी वळण येतं, तिथे ते बदलायचा हक्क खुल्या परवान्याने तुम्हाला आहे. बंद टंकात तो कंपनीच्या मर्जीवर.

पण खुलं आहे म्हणून सगळं छान, असं आम्ही म्हणणार नाही. फोटोंसाठीचं गिंप ३.० मार्च २०२५मध्ये आलं, बरंच सुधारलं, तरी त्यात काम होतं ते आरजीबीतच. रेखाटनासाठीच्या इंकस्केपचंही तेच. आरजीबीतला काळा सेपरेशनला चारही प्लेटांवर फाटतो, आणि रजिस्टर केसभर हललं की बिलबुकावरचं आठ पॉइंटाचं अक्षर भुरकट होतं. चार रंगांची कॅटलॉगं, पॅकिंगचे बॉक्स, सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती हे ज्यांचं रोजचं काम, त्यांनी इनडिझाइन किंवा कोरल परवाना घेऊन वापरावं आणि त्याचे पैसे दरात धरावेत. पुस्तकं, स्मरणिका, अहवाल, साप्ताहिकं यांसाठी मात्र पानं जुळवणारं खुलं स्क्रायबस पुरेसं आहे. २०२४च्या सुरुवातीला आलेल्या १.६मध्ये देवनागरी नीट बसते. सीएमवायके, स्पॉट रंग आणि पीडीएफ-एक्स त्यात आहेत, आणि सीटीपीवाल्याला तेवढंच लागतं. पत्रिकेची वेलबुट्टी आणि नक्षी कोरलइतकी झटपट होत नाही, हेही खरं.

कोरल लिनक्सवर चालत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता: एके काळी चालत होतं. १९९९मध्ये कोरल कंपनीने स्वतःचं लिनक्स काढलं, २०००मध्ये लिनक्ससाठी कोरलड्रॉ ९ विकायला आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने कोरलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले. पुढे कोरल त्या धंद्यातून बाहेर पडली. बंद सॉफ्टवेअरची दिशा कुणाच्या बैठकीत ठरते, ते यावरून दिसतं.

मग करायचं काय? आजपासून येणारं प्रत्येक नवं मॅटर युनिकोडमध्येच टाइप करायचं. ऑपरेटर कुरकुर करेल, कारण बोटांना जुना कीबोर्ड बसलेला आहे. 'आते नही भाऊ, लगीनसराई सरू द्या' हे आम्ही ऐकून आहोत आणि तेही रास्त आहे. पत्रिका मागाहून घ्या, पुस्तकाच्या कामापासून सुरुवात करा. छापून झालेल्या कामाची टंकासह पीडीएफ आणि साधी मजकूर फाइल वेगळी ठेवा. सगळं कर्व्ह करून ठेवू नका, त्यातून शब्द परत निघत नाही. जुन्या पेजमेकर फाइली २०१५च्या लिबरऑफिस ४.४पासून ड्रॉमध्ये उघडतात. कंपनीने सोडून दिलेला फाइल-प्रकार बाहेरच्या स्वयंसेवकांनी उलगडला, ही खुल्या पद्धतीची खरी ताकद. मांडणी थोडी हलते, मजकूर जुन्याच चिन्हांत येतो, तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. कन्व्हर्टर रफार आणि ऱ्य हमखास चुकवतो, म्हणून प्रूफ पुन्हा वाचायलाच हवं.

या प्रूफवाचनाचे पैसे घ्यायचे की नाही, यावर आपल्यात दुमत आहे. काहीजण जुनं गिऱ्हाईक तुटेल म्हणून फुकट करून देतात. आमच्या मते घ्यावेत, नव्या टाइपिंगच्या दराच्या निम्मे तरी, आणि काम झाल्यावर युनिकोड फाइल गिऱ्हाइकाच्या हवाली करावी. पुढचं काम तो दुसऱ्या छापखान्यात नेईल, ही भीती असतेच. ज्याला तसं जायचं, तो आजही जातो, फक्त मॅटर पुन्हा टाइप करून घेतो.