वेडा राघू आणि शहाणे आपण

गेल्या वर्षी आमच्या निकटच्या एका घरी बसलो असता इंटरमध्ये उत्तम गुण मिळविलेल्या नातीने सर्वांसमक्ष सांगितले, ‘‘मला विद्यापीठात प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करायचा आहे.’’ क्षणभर शांतता पसरली. मग आजोबा हसून म्हणाले, ‘‘म्हणजे पदवी घेऊन माकडे बघत बसणार?’’ सारे हसले. ज्या दिलसुखनगरात पावलोपावली अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीवर्गांच्या पाट्या झळकतात, तेथे त्या मुलीचे पुढे काय झाले हे सांगावयास नको. आम्ही त्या वेळी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची टोचणी म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही स्वतः प्राणिशास्त्राचे पदवीधर. तीन वर्षांत बेडूक, झुरळ, गांडूळ यांच्यावर यथेच्छ सुरी चालविली. परंतु पावसाची पहिली सर येताच बेडूक का ओरडतो, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मेलेला प्राणी म्हणजे विद्या आणि जिवंत प्राणी म्हणजे करमणूक, अशी ती वाटणी होती. पुढे २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदनास मनाई केली. सुरी गेली, हे उत्तम झाले. पण तिच्या जागी दुर्बीण आणि नोंदवही आली काय? बहुतेक ठिकाणी आले ते संगणकाच्या पडद्यावरचे चित्र. जिवंत प्राणी वर्गाबाहेरच राहिला.

हा विषय पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांना आम्ही आठवण देतो की १९७३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन या तिघांना मिळाले ते मधमाश्या, हंस, मासे यांसारख्या प्राण्यांचे वर्तन पाहिल्याबद्दलच. परंतु एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातील प्रा. मिलिंद वाटवे हे तेव्हा वास्तविक सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूच्या बिळांजवळ उभे राहून एक साधा प्रश्न विचारला. माणूस जेथून बीळ पाहू शकतो तेथे उभा असेल, तर पक्षी पिलांकडे जाताना कचरतो. तेवढ्याच अंतरावर, पण बीळ न दिसणाऱ्या जागी माणूस असेल, तर तो निर्धास्त आत शिरतो. म्हणजे दुसऱ्याला काय दिसते याचा अंदाज त्या चिमुकल्या जीवाला आहे. हे संशोधन २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापले गेले. ज्याला आपण वेडा म्हटले तो वेडा नव्हता. न पाहताच नाव ठेवणारे आपण मात्र शहाणे!

सुगरणीची कथाही अशीच. कौतुक आपण तिचे करतो, पण खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पारख करते आणि पसंत पडला तरच त्यात राहते. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे सलीम अली यांनी हे बारकाईने टिपले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही लगोलग, १९३१-३२ मध्ये, निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी त्यांनीच केली. ती आपल्याच भूमीची नोंद आहे. पण आपल्या किती घरांत तिचे नाव ठाऊक आहे? वानरांच्या टोळीतील सत्ताबदल आणि पिलांची हत्या यांची नोंद करणारे जपानचे सुगियामा १९६० नंतरच्या दशकात सीमेवरील धारवाडास येऊन राहिले. व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांवर ‘सत्तांतर’ लिहिली, तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परदेशी शास्त्रज्ञाला आणि आपल्या कादंबरीकाराला जे दिसले, ते आपल्या प्राणिशास्त्राच्या वर्गांना दिसू नये?

‘‘पण नोकरी कोठे आहे?’’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. तो आम्ही उडवून लावीत नाही. जागा थोड्या आहेत, हे खरे. पण गरज थोडी आहे काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये येथून जवळच असलेल्या अंबरपेटेत भटक्या कुत्र्यांनी एका बालकाचा जीव घेतला. त्यानंतर ‘कुत्री पकडा’ आणि ‘कुत्र्यांना जगू द्या’ असे दोन पक्ष कडाडून भांडले. कुत्री टोळीने केव्हा वागतात, कोणत्या वेळी अंगावर येतात, माणसाची कोणती खूण ओळखतात, हे विचारणारा तिसरा पक्ष आमच्या कानी आला नाही. वस्तुतः कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हाच अभ्यास अनेक वर्षे करीत आहेत. सरकारी सेवेत असताना माकडांच्या उपद्रवाच्या तक्रारी आमच्याही टेबलावर आल्या. ‘पकडून दूर सोडावे’ असा शेरा मारून आम्ही फाइल पुढे सरकविली. काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा आली. त्या फाइलीवर माकडांचे वर्तन जाणणाऱ्या एका माणसाचे मत हवे होते. तसा माणूस आम्ही शोधला नाही, हा दोष आमचा.

खर्चाची सबबही टिकत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी एका साध्या गांधीलमाशीवर जन्मभर काम केले आणि तिची राणी दांडगाईने नव्हे, तर शांतपणे राज्य करते हे दाखविले. त्या कामात मुख्य भांडवल होते ते चिकाटीचे. आपल्यापासून थोड्याच अंतरावर, विजयवाडा रस्त्यावर, महावीर हरिण वनस्थळी आहे. तेथे काळवीट आपली हद्द कशी राखतो, लेंड्यांचे ढीग घालून ती कशी आखतो, हे पाहावयास कोणती प्रयोगशाळा लागते? पदवीच्या तीन वर्षांत प्राणिवर्तनाची एक संपूर्ण प्रश्नपत्रिका आणि प्रत्यक्ष निरीक्षणाचे ठरावीक तास असावेत, एवढीच आमची मागणी आहे.

दुसरी मागणी आपल्या घरांकडे. आपले पूर्वज पोटासाठी या भाग्यनगरात आले. नोकरीची काळजी आपल्या रक्तातच आहे आणि तिची आम्हास लाज नाही. परंतु ज्या घरांत आज दोन-तीन पिढ्यांचे स्थैर्य आहे, त्यांनीही प्रत्येक नातवंडाला त्याच एका रांगेत उभे करावयाचे काय? विद्यापीठ विषय शिकवीत नाही कारण विद्यार्थी येत नाहीत. विद्यार्थी येत नाहीत कारण आपण हसतो. ही साखळी विद्यापीठाकडून तुटेल तेव्हा तुटेल. हसणे थांबविणे मात्र आपल्या हाती आहे. पुन्हा कोणा नातीने असे विचारले, तर आम्ही गप्प बसणार नाही. आपणही बसू नये.