सुफळ संपूर्ण न झालेली कहाणी

कुमारवयीनांसाठी लिहिलेली कादंबरी प्रौढ माणसाने वाचली तरी ती आवडल्याचे चारचौघांत बोलू नये, असा आपल्या सुशिक्षित समाजात एक अलिखित नियम आहे. तो नियम आम्ही आज मोडीत आहोत. सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या 'हंगर गेम्स' या कादंबरीत्रयीचे अखेरचे पुस्तक 'मॉकिंगजे' (२०१०) आम्हांस मनापासून आवडले. २००८ व २००९ सालच्या पहिल्या दोन भागांहूनही अधिक आवडले. २०२० व २०२५ साली लेखिकेने याच राज्यावर आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. परंतु त्यांतील काळ आधीचा आहे. कथेचा शेवट 'मॉकिंगजे'तच आहे, आणि याच शेवटावर वाचकांचा मोठा रोष आहे. तो रोष अस्थानी आहे, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

कथा थोडक्यात अशी. पॅनेम नावाच्या भावी राज्यात बारा जिल्हे एका ऐषारामी राजधानीचे अंकित आहेत. प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी बारा ते अठरा वर्षे वयाचा एक मुलगा व एक मुलगी राजधानीच्या हवाली करावयाची. त्या चोवीस जणांनी एकमेकांस मारावयाचे, आणि साऱ्या देशाने तो 'खेळ' पडद्यावर पाहावयाचा. धाकट्या बहिणीचे नाव निघते तेव्हा कॅटनिस तिच्या जागी स्वतः जाते. तिसऱ्या भागात बंड पेटलेले आहे, आणि नष्ट झाला असे समजला गेलेला तेरावा जिल्हा जमिनीखालून त्याची सूत्रे हलवीत आहे.

पहिला आक्षेप असा की, पूर्वीची शूर नायिका या भागात खचलेली, औषधाने गुंगलेली, कपाटात दडून बसणारी दिसते. आम्ही विचारतो, दुसरे काय दिसावयास हवे होते? दोनदा मृत्यूच्या खेळातून बाहेर पडलेली ही सतरा वर्षांची मुलगी हसतमुखाने तिसऱ्या लढाईस निघाली असती, तर ते शौर्य नव्हे, थाप ठरली असती. लेखिकेचे वडील अमेरिकन हवाई दलात होते आणि तिच्या लहानपणी व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. युद्धावर गेलेला माणूस परत आला म्हणजे युद्ध संपले, असे मानणाऱ्या घरात ती वाढलेली नाही.

दुसरा आक्षेप, तेराव्या जिल्ह्याचे वर्णन रुक्ष आहे. याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हां कारकून मंडळींस थोडा अधिक आहे. त्या जिल्ह्यात रोज सकाळी प्रत्येकाच्या हातावर जांभळ्या शाईने दिवसाचे वेळापत्रक उमटते. वस्त्रे करड्या रंगाची, अन्न मोजून मापून. जास्तीचा पाव घेतला म्हणून तेथे तिघा परक्या माणसांना साखळदंडांनी जखडले जाते. 'पॅनेम' हा शब्द लॅटिनमधील भाकरीवाचक शब्दावरून आला आहे. रोमन जनतेने भाकरी व खेळ यांच्या मोबदल्यात आपले हक्क सोडले, या ज्युव्हेनल कवीच्या टोमण्यात त्याचे मूळ आहे. ते मूळ वाचकास उलगडून सांगितले जाते तेही याच भागात. भाकरीच्या नावाने चाललेल्या जुलमाविरुद्ध लढणारेच पावाच्या तुकड्यासाठी बेड्या ठोकतात, हे ज्यास रुक्ष वाटते त्याने ते पान पुन्हा वाचावे.

आम्ही शिस्तीचे वैरी नाही. वेळापत्रकावाचून ना कचेरी चालेल, ना राज्य. परंतु सर्व काही रीतसर झाले एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही, हे ज्यांचे हात रोज फायलींवरून फिरतात त्यांनी तरी विसरू नये. बंडखोरांकडील दोन बुद्धिमान माणसे एक सापळा आखतात: आधी एक स्फोट, मग जखमींच्या मदतीस माणसे धावली की दुसरा. पुढे राजधानीत नेमके असेच दोन स्फोट होतात. पहिल्यात लहान मुले मरतात. दुसऱ्यात त्यांच्या शुश्रूषेस धावलेली, कॅटनिसची तेरा वर्षांची बहीण प्रिम. स्फोट कोणी घडविले? तेरा वर्षांच्या मुलीस आघाडीवर जाण्याची परवानगी कोणी दिली? संशय बंडाच्या अध्यक्षा कॉइन यांच्याकडे बोट दाखवितो. पुरावा मात्र नाही. आराखडा एकाचा, मंजुरी दुसऱ्याची, अंमलबजावणी तिसऱ्याची, आणि जबाबदार कोणीच नाही! हा प्रकार ज्यांना अपरिचित आहे त्यांचा आम्हांस हेवा वाटतो.

तिसरा आक्षेप येथूनच निघतो: जिच्यासाठी सारे आरंभिले तीच मेली, मग या कथेला अर्थ काय? अर्थ हाच की युद्ध कोणाचा हिशेब पाळीत नाही. विजयानंतर कॉइन सुचवितात की, राजधानीच्या मुलांचा एक शेवटचा 'खेळ' करावा. त्यावर हयात असलेल्या सात विजेत्यांचे रीतसर मतदान होते, आणि ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर होतो. कॅटनिसचे मतही अनुकूल पडते. ते कॉइन यांना बेसावध ठेवण्यासाठी होते असे आम्ही मानतो, जरी लेखिकेने तसे स्पष्ट म्हटलेले नाही. पुढे जुन्या जुलमी अध्यक्षास मारण्यासाठी उचललेला बाण ती नव्या अध्यक्षांवर सोडते. हा शेवट आकस्मिक नाही. शत्रू कोण हे पहिल्या दोन भागांनी सांगितले. शत्रूसारखे होणे म्हणजे काय, हे तिसऱ्याने सांगितले.

या पुस्तकात उणिवा नाहीत असे नव्हे. राजधानीच्या रस्त्यांवरील लढाई घाईची आहे, आणि फिनिकसारख्या लाघवी माणसाचा मृत्यू काही ओळींत उरकला आहे. पण आक्षेपकांचे दुखणे ते नव्हे. त्यांस विजयोत्सव हवा होता.

२०१४ साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तेथील तरुणांनी, आणि २०२१ साली म्यानमारच्या तरुणांनी, याच मालिकेतील तीन बोटांची खूण निषेधासाठी वापरली. ज्या पुस्तकांतून माणसे प्रतिकाराची खूण उचलतात, त्यांनी प्रतिकारानंतरच्या मोहाविषयीही सावध करावे, हे लेखिकेचे कर्तव्यच होते.

आपल्या कहाण्या साठा उत्तरांवरून पाचा उत्तरी येऊन सुफळ संपूर्ण होतात. ही तशी होत नाही. कॅटनिसला घर मिळते, पीटासारखा जोडीदार मिळतो, मुले होतात. पण ती मुले ज्या कुरणावर खेळतात त्याखाली गावाची प्रेते पुरलेली आहेत, आणि हे त्यांना केव्हा व कसे सांगावे याची चिंता आईस आहे.

बदलीच्या गावी मराठी पुस्तके दुर्मीळ असतात, आणि आपली मुले इंग्रजी कादंबऱ्यांवरच वाढतात. त्यांच्या हातातून हे पुस्तक 'उदास आहे' म्हणून काढून घेणाऱ्या आईबापांस आमचे एवढेच सांगणे आहे: ते आधी स्वतः वाचा. त्या कुरणाखाली काय आहे, हे मूल तुम्हांला विचारील. तेव्हा उत्तर देण्यास तुम्ही तयार असले पाहिजे.