क्षारपड जमीन, गादीवाफा आणि अहिंसा

भगवान ऋषभदेवांनी प्रजेला शिकविलेल्या षट्कर्मांत कृषीचा समावेश आहे. तरीही नांगराच्या फाळाखाली होणारी जीवहानी श्रावकाच्या मनाला टोचत राहते. शास्त्राने या हिंसेला उद्योगी हिंसा म्हटले आहे. गृहस्थाला ती सर्वथा टाळता येत नाही. ती कमी करणे मात्र त्याच्या हाती आहे.

कोल्हापूर-सांगली भागात, विशेषतः शिरोळ तालुक्यात, जैन शेतकऱ्यांची संख्या मोठी आहे. उसाला दिलेले अतिरिक्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे तेथील बरीच काळी जमीन क्षारपड झाली. अशा जमिनीत घरापुरती भाजी पिकविण्यास गादीवाफा उपयोगी पडतो.

आरंभ माती परीक्षणाने करावा. सामू 8.5 च्या वर असून सोडियम अधिक असल्यास जमीन चोपण समजावी. तिला जिप्सम लागते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. पण सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर निघून गेला पाहिजे. म्हणून आधी चर, मग जिप्सम. जमीन केवळ क्षारयुक्त असल्यास निचरा आणि गोडे पाणी हाच उपाय.

वाफा 3 फूट रुंद व 1 फूट उंच करावा. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट सोडावी. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. वाफ्यावर पाय पडला नाही की माती घट्ट होत नाही आणि ती पुनःपुन्हा खणावी लागत नाही.

वर उसाच्या पाचटाचे 3 ते 4 इंच आच्छादन घालावे. उघड्या मातीतून पाणी उडून जाते व क्षार वर येऊन पांढरा थर जमतो. आच्छादनाने ते मंदावते. पाचट पेटविल्यास असंख्य जीव भस्म होतात. तेच अंथरल्यास कुजून मातीला सेंद्रिय कर्ब देते.

सरीतून पाणी दिल्यास क्षार वाफ्याच्या माथ्यावर साचतात. म्हणून रोपे कडेच्या उतारावर लावावीत. चवळी क्षार बऱ्यापैकी सोसते, घेवडा सोसत नाही. श्रावकाला वर्ज्य असलेले कांदा आणि गाजरही क्षारापुढे लवकर हार खातात.

क्षार एका हंगामात जात नाहीत. दरवर्षी माती तपासून नोंद ठेवावी आणि आच्छादन विरळ होताच पुन्हा घालावे. वाफा एकदाच खणावा, नंतर झाकून राखावा. यात पिकाचे हित आहे आणि जीवदयाही.